आर्वी ओलांडून आलेली आत्या

आधी माफी मागतो. ज्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात आयुष्य काढलं त्यांनी हे लिहायला हवं होतं. माझ्या नोकरीला अजून वर्षही झालेलं नाही, आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालूच आहे, म्हणजे मी अर्धा विद्यार्थीच. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. त्यामुळे असं काही लिहिलं तर ते कोणाला दाखवावं, चुकलं तर कोण सांगेल, हेही मला नीट माहीत नाही. पण परवा कॉलेजातल्या एका ज्युनिअर मुलीनं फोनवर विचारलं, "सर, पहिल्या पोस्टिंगला जाताना काय वाचून जाऊ?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते देता यावं म्हणून लिहायला बसलो. फार वेळ घेणार नाही.

एमबीबीएस झाल्यावर बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, पोस्टिंग म्हणून मला आर्वीच्या पुढे, तळेगावच्या बाजूला असलेलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. माझं गाव रोहण्याजवळ. त्यामुळे घरचे खूश झाले. वडील म्हणाले, "जिल्ह्यातच हाये, बरं झालं." मला मात्र पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. सकाळी दवाखान्याचं फाटक दिसलं की आधी व्हरांड्यात कोणी आडवं पडलेलं नाही ना, हे मी बघायचो. सगळे बसलेले दिसले की मग गाडी स्टँडवर लावायचो.

भीती कशाची होती ते सांगतो. सुई टोचणं, सलाईन लावणं, टाके घालणं मला येत होतं. इंटर्नशिपमध्ये ते भरपूर केलं. रक्ताच्या नळ्या घेऊन लॅबमध्ये पळालो, रिपोर्ट आणले, भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपलो. पण त्या साऱ्या काळात मी एकही गोष्ट स्वतः ठरवली नव्हती. माझ्यावर रेसिडेंट, त्याच्यावर सीनिअर, त्याच्यावर सर. कोणी नातेवाइकानं काही विचारलं की मी म्हणायचो, "विचारून सांगतो." ते खरंही होतं आणि बरोबरही होतं. इंटर्ननं मनानं काही करायचं नसतंच. मग एका सोमवारी मी आरोग्य केंद्रात रुजू झालो आणि सिस्टर पेन घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, "सर, काय लिहू?" माझ्यामागे कोणी उभं आहे का, म्हणून मी वळून पाहिलं होतं.

घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मला पहिल्या वर्षापासूनच डॉक्टर समजत होते. सुट्टीत घरी गेलो की अंगणात लोक यायचे. कोणाचा गुडघा, कोणाची खरूज, कोणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. तेव्हा मी फक्त शवविच्छेदनाच्या टेबलावर मेलेल्या माणसाचा हात उलगडून पाहिला होता. हे लोक गोळा करण्याचं काम आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आठवी ते दहावी मी रोहण्यात तिच्याकडे राहून शिकलो. ती दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची आणि पहाटे उठून माझा डबा करायची. मी डॉक्टर झालो यात तिला कधीच नवल वाटलं नाही. "होणारच होता तो," एवढंच म्हणायची.

ऑक्टोबर होता, सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. आमचे मोठे डॉक्टर मीटिंगला वर्ध्याला गेले होते, ओपीडीत मी एकटा. बाहेर ॲपे रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मग एक ओळखीचा आवाज, "सरका बे, सरका! डॉक्टरच्या घरचेच लोक हाओत आम्ही."

तो आत्याचा मुलगा होता. मी त्याला दादा म्हणतो. त्याच्या हातात खताचं रिकामं पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मागे ॲपेत आत्या ताठ बसली होती. उजव्या पायाला गुडघ्याखाली लुगड्याचं फडकं करकचून आवळलेलं, आणि त्याखालचा पाय पायासारखा दिसत नव्हता.

मला पाहून ती हसली. "काय म्हनतं बाप्पा? जेवला का?"

"आत्या, काय झालं?"

"काही नाई. सोयाबीनचा ढीग उचलाले गेली न् चावलं. परड हाये म्हनते हा."

घोणसला आमच्याकडे परड म्हणतात. दादानं तिथेच, ओपीडीच्या रांगेसमोर, पोत्याची सुतळी सोडली. "पाहून घे. मारून आनला. तुले औषध द्याले सोपं जाईन." रांगेतले लोक खुर्च्या सोडून भिंतीला लागले. मी पाहिलं. पाठीवर साखळीसारखे ठिपके होते. प्रश्नपत्रिकेतल्या चित्रात असतात तसेच. घोणसच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, मग कुठूनही रक्त सुटतं, आणि वेळ गेला तर मूत्रपिंडं बंद पडतात. हे मला पाठ होतं, पान कोणतं तेही डोळ्यांसमोर आलं.

तिला आत घेताना मी दादाला विचारलं, "चावून किती वेळ झाला? आर्वीत काऊन नाई थांबले?"

आर्वीला मोठा दवाखाना आहे. आमच्यापेक्षा मोठा, डॉक्टर जास्त, रक्त तपासायची सोय. रोहण्याकडून येताना तो रस्त्यात लागतो. तो मागे टाकून, आणखी तितकाच वेळ घालवून हे लोक माझ्याकडे आले होते.

दादा वेळेचा हिशेब करू लागला, तोवर आत्याच बोलली. "मीच म्हनलं, ॲपे थांबवू नको. घरचा डॉक्टर असून दुसऱ्याच्या दारात काऊन जावं? तिथं कोन वळखते मले?"

मी तिला खाटेवर आडवं केलं आणि पाय हलवू नको म्हणालो. 

पहिली अडचण त्या फडक्याची. घट्ट बांधू नये, हे पुस्तकात आहे. पण बांधून आणलं तर कसं सोडायचं, हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजात असे पेशंट पोचेपर्यंत ते फडकं वाटेतच कोणीतरी सोडलेलं असायचं. मी फक्त वळ पाहिला होता. एकदम सोडलं आणि अडकलेलं विष सगळं वर गेलं तर? नाही सोडलं आणि पाय गेला तर? आधी सलाईन लावू, औषध चालू करू आणि मग हळूहळू सैल करू, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे सिस्टरना मोठ्यानं सांगितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. सिस्टरनी मान हलवली आणि फार्मासिस्टला १०८ ला, म्हणजे ॲम्ब्युलन्सला, फोन लावायला सांगितलं.

दुसरी अडचण आत्याच्या खायच्या पानाची. रक्त गोठतं की नाही हे बघायला काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ती नळी मी टेबलावर उभी केली. पण आत्या म्हणाली, "तोंड कसंतरीच होऊन राह्यलं," आणि ट्रेमध्ये थुंकली. लाल. आत्या दिवसभर पान खाते. ते पान होतं की रक्त, मला सांगता येईना. नळीची वीस मिनिटं व्हायची होती. मी तिला पाण्यानं चूळ भरायला लावली, एकदा, परत एकदा. मग कापसानं हिरड्या पुसल्या आणि टॉर्च धरून बघत बसलो.

"दात मोजून राह्यला का?" आत्या कापसाच्या बोळ्यातून म्हणाली. "हायेत तेवढेच."

पुसलेल्या हिरडीवर दातांच्या कडेनं पुन्हा लाल ओल आली. बारीक, दवासारखी. मी नळीकडे पाहायचं सोडून दिलं आणि सिस्टरना म्हणालो, "सर्पदंशाचं औषध काढा. दहा बाटल्या."

ते औषध पावडर असतं, प्रत्येक बाटलीत पाणी घालून विरघळवावं लागतं. जोरात हलवलं तर फेस होतो. सिस्टर, फार्मासिस्ट आणि मी, तिघं बाटल्या तळहातात धरून गोल फिरवत उभे. पावडर विरघळता विरघळेना. दादा दारात येरझाऱ्या घालत होता, "अजून किती वेळ बे?" आणि मग आठवण झाल्यासारखं, "डॉक्टरसाहेब."

शेवटी सलाईनमधून औषध सुरू झालं. मी फडकं बोटभर सैल केलं, नाडी धरून थांबलो, आणखी सैल केलं. काही झालं नाही. मला वाटलं, झालं. आता गाडी येईपर्यंत थांबायचं.

तेवढ्यात आत्या मान खाजवू लागली. "पोरा, मले आग होऊन राह्यली आंगाची." गळ्यावर गांधी उठल्या, बघता बघता छातीवर उतरल्या. तिला उलटी झाली. मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि तिचा आवाज बसत बसत गेला. ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी म्हणत होती, पण ऐकू येत नव्हतं.

सिस्टरनी विचारलं, "सर, काय देऊ?"

माझ्या तोंडून निघालं, "विचारून सांगतो."

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यात टोमणा नव्हता. त्याही घाबरल्या होत्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोणाला विचारता, सर?"

उत्तर मला येत होतं. औषधाची ॲलर्जी, सलाईन बंद, ॲड्रिनॅलिन मांडीत, अर्धा मिली. हा प्रश्न मी इतक्या वेळा सोडवला होता की झोपेतही बरोबर खूण केली असती. पण ॲड्रिनॅलिन देताना मी नेहमी कोणाच्या तरी पाठीमागून पाहिलं होतं, पायाच्या बोटांवर उभं राहून. साठीच्या बाईला ते दिलं आणि तिचं काळीज थांबलं तर ते मी दिलेलं असणार होतं. मी सलाईनची चावी बंद केली. ॲम्प्युल फोडली, ती हातातच चुरडली. सिस्टरनी दुसरी फोडून भरून दिली. लुगडं बाजूला करून मी मांडीत सुई घातली.

त्यानंतर जो वेळ गेला तो किती होता, सांगता येत नाही. मी तिचं मनगट धरून होतो आणि मनात काही म्हणत होतो की नाही, तेही आठवत नाही. मग शिट्टी कमी झाली. आत्यानं एक लांब श्वास घेतला, आणि आवाज फुटल्याबरोबर म्हणाली, "काय टोचलं रे? काळीज ढोलासारखं वाजून राह्यलं."

मला हसूही येईना.

कारण अजून सगळ्यात कठीण बाकी होतं. विष तिच्या अंगात तसंच होतं. ज्या औषधानं हे झालं तेच औषध, अंग निवल्यावर, पुन्हा सुरू करायचं होतं. पुस्तकात ती एक ओळ आहे. मी चावीला हात लावला तर दादानं माझं मनगट धरलं.

"नको देऊ ते. त्यानंच झालं ना तिले?"

"दादा, दिलं नाही तर विष राहील."

"आन् पुन्हा झालं त?"

"होऊ शकते."

त्याला हे उत्तर नको होतं. डॉक्टरनं असं बोलायचं नसतं, अशी त्याची समजूत होती. माझीही होती. तो म्हणाला, "तुले पक्कं माहीत हाये का?"

मी म्हणालो, "औषध द्याच लागते, हे पक्कं माहीत हाये. पुढं काय होईन ते माहीत नाई."

त्यानं मनगट सोडलं नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "सोड त्याचा हात. त्याले करू दे." मी चावी उघडली, अगदी हळू, आणि थेंब पडताना मोजायला लागलो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नव्हतं. टेबलावरच्या नळीची वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. सिस्टरनी ती उचलून वाकडी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

१०८ आली. गाडीत डॉक्टर होता, त्याला सगळं सांगितलं. मला सोबत जायचं होतं, पण केंद्रात दुसरा डॉक्टर नव्हता आणि रांग तशीच उभी होती. गाडी आर्वीवरून, आंजीवरून वर्ध्याला जाणार होती. ती फाटकाबाहेर वळली आणि मी आत येऊन एका मुलाचा खोकला तपासला. त्याची आई म्हणाली, "साहेब, नळी कानात त लावलीच नाई तुम्ही." मी म्हणालो, सकाळपासून काही खाल्लं नाही.

वर्ध्याहून दादाचा पहिला फोन आला तो असा : "रक्त थांबलं म्हनते. पन लघवी नाई झाली."

मला जे वाटत होतं तेच झालं होतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. डायलिसिस लावलं. एकदा, मग परत. मी फोन केला की दादा उचलून एवढंच म्हणायचा, "नाई."  औषध उशिरा सुरू झालं म्हणून हे झालं का? ती आर्वीत उतरली असती तर? फडकं मी चुकीचं सोडलं का? तिकडच्या एका डॉक्टर मॅडमशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलं ते बरोबर दिलं. बाकी किडनी काय करते, वाट बघू." वाट बघण्याची सवय मला नव्हती. कॉलेजात पेशंट आमच्या वॉर्डातून गेला की पुढचं काही कळायचं नाही, आणि आम्ही विचारायचोही नाही.

गावात मात्र वेगळंच चाललं होतं. आत्या मेलेलीच होती आणि पोरानं उठवून बसवली, अशी गोष्ट फिरत होती. अनोळखी नंबरवरून फोन यायचे. "तुमच्याच दवाखान्यात आनू आता आम्ही कोनालेही. हाताले गुन हाये तुमच्या." मी ऐकत असायचो आणि मला रात्रीचं जेवण जायचं नाही.

त्या दिवसांत आम्ही केंद्रात अशा प्रसंगाचा सराव सुरू केला. ओपीडी संपली की फार्मासिस्टला पेशंट म्हणून खाटेवर झोपवायचं आणि त्यानं काय होतंय ते सांगायचं. कागद बघायचा नाही, पुस्तक उघडायचं नाही. मी मोठ्यानं आदेश द्यायचे, सिस्टरनी खरोखर कपाट उघडून ती वस्तू हातात घ्यायची. पहिल्या दिवशी तो इतका कण्हला की बाहेरून शिपाई धावत आला. "सर, मी चाललो, बायकोले सांगजा," असं म्हणून त्यानं जीभ बाहेर काढली. सिस्टर म्हणाल्या, "आधी कालचा स्टॉक लिहा, मग मरा." आम्ही हसलो. पण ॲड्रिनॅलिनचा ट्रे मध्यंतरी कोणीतरी कुलपाच्या कपाटात ठेवला होता आणि किल्ली दुसऱ्या खोलीत, हे तेव्हाच कळलं. माझ्या तोंडून दोनदा "विचारून" निघालं. तिसऱ्या दिवशी निघालं नाही. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, आणि पुढच्या वेळी पेशंट म्हणून ते स्वतः झोपले.

रविवारी मी गावी गेलो. विहारात वंदनेला सगळे असतात. तिथेच बोलायचं असं ठरवलं होतं. वडिलांना वाटेत सांगितलं तर ते थांबलेच.

"म्हनजे लोकाईले सांगतं, माह्याकडं येऊ नका?"

"साप चावला, विषारी औषध पोटात गेलं, तर जो दवाखाना पहिला लागेल तिथं उतरा, एवढंच सांगतो."

"लोक म्हनतीन, पोरगा अर्धवट शिकला."

"म्हणू द्या."

विहारात ते माझ्याजवळ न बसता मागे बसले. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. परीक्षेच्या तोंडी प्रश्नांनाही इतका घाबरलो नव्हतो. म्हणालो, आत्याला आणलं तेव्हा मी घाबरलो होतो. मी हे पहिल्यांदा करत होतो. आर्वी वाटेत होती, तिथे उतरायला हवं होतं. घरचा डॉक्टर म्हणून जवळचा दवाखाना ओलांडून मला शोधत येऊ नका, वेळ जातो.

आमच्या गावचे एक म्हातारे बाबा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "असं कसं बाप्पा? आम्ही तुले एवढं शिकवलं, आन् मराले दुसऱ्याकडं जावं?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. मग एका बाईनं विचारलं, "आन् चावलं तं फडकं बांधाचं का नाई?" तिच्यानंतर दुसरीनं. बराच वेळ लोक विचारत राहिले. एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. येत नाही, असं सांगितलं. मागच्या रांगेत वडील मान खाली घालून ऐकत होते.

आम्ही बाहेर येऊन चपला शोधत होतो तेव्हा वडिलांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, थोडं ऐकलं, आणि काही न कळल्यासारखा माझ्या हातात दिला. पलीकडे दादा होता. तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की शेजारच्या बायाही थांबल्या.

"झाली!" तो म्हणाला. "पिशवीत लघवी आली बे. सकाळपासून वाटीभर झाली. मॅडम म्हने, आज मशीन लावत नाई."